शाण, शाल्मलीफलक आणि चामड्याचा पट्टा

(१)

जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींच्या घरीं पोथ्यांबरोबर एखादी तलवार, कट्यार, कलमतराश, निदान बोरू तासण्याचा जुना चाकू बहुधा असतोच. पोथीचें पान फाटूं नये म्हणून आपण श्वास रोखून तें उलटतों. परंतु हत्यारास गंज चढलेला दिसला, कीं तें कोणाकडून तरी उजळून आणावें असें सहज बोलून जातों. या उजळण्यांत पात्याचें नेमकें काय होतें, याचा विचार आपल्यापैकीं थोड्यांनींच केला असेल. आम्हींहि तो वेळेवर केला नाहीं. त्याचें प्रायश्चित्त आम्हांस कसें मिळालें तें पुढें यथास्थळीं सांगूं.

चामड्याच्या पट्ट्यावर बारीक व कठीण चूर्ण माखून त्यावर पातें ओढलें असतां त्यास धार व झळाळी कशी येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय न्हाव्याच्या धोकटीतला दिसला, तरी त्याच्या ज्ञानानें दोन कामें साधतात. सुश्रुतसंहितेंतील एका वादग्रस्त शब्दाचा अर्थ लावण्यास त्याची मदत होते, हें एक. आणि आपल्या संग्रहांतील पात्यांस काय करावें व काय करूं नये हें कळतें, हें दुसरें.

(२)

प्रथम शब्दांकडे पाहूं. विळा, कोयता पाजळणें, वस्तरा निसणें, तलवारीस शिकल करणें, कागद घोटणें, हे आपल्या भाषेंतील जुने प्रयोग आहेत, आणि त्यांतील क्रिया एक नव्हेत. निसणें म्हणजे दगडावर घासून धातु झिजविणें व धार काढणें. शिकल हा शब्द अरबी 'सैकल' यावरून आला. त्याचा अर्थ झळाळी. म्हणून शिकलगार हा मुळांत उजळा देणारा कारागीर. धार लावणें हें त्याचें दुसरें काम. घोटणें याहून निराळें. दौलताबादी किंवा जुन्नरी कागदाची खळ वाळल्यावर तो गुळगुळीत दगडानें घोटीत, त्यांत कागदाचा अंश निघून जात नसे. तंतु दाबले जाऊन सपाट होत, इतकेंच. सारांश, निसण्यानें वस्तु उणी होते, घोटण्यानें होत नाहीं. मग शिकल करण्यानें ती उणी होते कीं नाहीं? पुढील सर्व विवेचनाचा रोख या प्रश्नाकडे आहे.

धार काढण्याच्या दगडास संस्कृतांत 'शाण' म्हणतात. अमरकोशांत शाण, निकष व कष हे एकार्थी शब्द दिले आहेत. याच शाणाची मराठींत साण व सहाण झाली. शस्त्रास धार देणाऱ्या दगडाचें नांव आज देवघरांत चंदन उगाळीत बसलें आहे, हा भाषेचा एक विनोदच म्हणावयाचा. शाणेवर घांसलेलें रत्न क्षीण होऊनहि शोभतें, या आशयाचा भर्तृहरीच्या नीतिशतकांतील श्लोक आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविला. त्यांतील क्षीण होण्याकडे मात्र आमचें लक्ष कधीं गेलें नाहीं, शोभण्याकडेच गेलें.

दुसरा शब्द कुरुंद. संस्कृत 'कुरुविंद' व तामिळ 'कुरुंदम्' यांच्याशीं त्याचा संबंध असून इंग्रजींतील 'कोरंडम' हें नांव तेथूनच गेलें. अमरकोशांत कुरुविंद हें नागरमोथ्याचें नांव आहे, आणि रत्नशास्त्रावरील ग्रंथांत तें माणकाच्या एका प्रकाराचें. कुरुंद व माणिक हीं रसायनदृष्ट्या एकच द्रव्य आहे, दोन्ही ॲल्युमिनियमचीं भस्में आहेत, हें आधुनिक खनिजशास्त्रानें ठरविलें. तेव्हां रत्नपरीक्षकांनीं दिलेलें नांव अगदींच अस्थानीं नव्हतें. चार्ल्स ग्रेव्हिल यानें १७९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें या आशियाई दगडावर निबंध मांडला, त्यापूर्वीं कित्येक शतकें आपले शिकलगार व मणिकार कुरुंदाची पूड लाखेंत कालवून तिचीं चाकें बनवीत आले होते. लाख ही पूड धरून ठेवणारी, आणि पूड ही कापणारी. पट्ट्यावरील मेणटांतहि हीच योजना आहे. लाखेच्या जागीं मेण किंवा चरबी, एवढाच भेद.

(३)

आतां सुश्रुताकडे वळूं. संहितेच्या सूत्रस्थानांतील आठव्या अध्यायांत, म्हणजे शस्त्रावचारणीयांत, वीस शस्त्रें सांगितलीं आहेत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें डल्हणाच्या टीकेसह काढलेली जादवजी त्रिकमजी आचार्य यांची आवृत्ति अनेकांच्या संग्रहीं असेल. ती उघडून हा अध्याय पाहावा. शस्त्रास पाणी देण्याचे तीन प्रकार तेथें आहेत: क्षाराचें, उदकाचें व तेलाचें. 'पायना' हा तेथील शब्द आणि आपल्या लोहाराचें 'पाणी पाजणें' हीं एकाच घरचीं आहेत. त्यानंतर धारेचीं मापें येतात. भेदन करणाऱ्या शस्त्राची धार मसुरेएवढी, लेखनाची त्याच्या निम्मी, वेध करणाऱ्या व रक्त काढणाऱ्या शस्त्राची केसाएवढी, आणि छेदनाची अर्ध्या केसाएवढी असावी. पुढें धार काढण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे, आणि 'धारासंस्थापन' करण्यास शाल्मलीफलक, म्हणजे सांवरीच्या लांकडाची फळी. शस्त्र अंगावरील लव कापूं लागलें म्हणजे तें वापरण्यास योग्य झालें, ही अखेरची कसोटी.

या शाल्मलीफलकाविषयीं दोन पक्ष आहेत. धार टिकावी म्हणून शस्त्रें सांवरीच्या लांकडी घरांत ठेवावीं, असा अर्थ कित्येक भाषांतरकार करितात. दुसरा पक्ष असा, कीं शिळेवर निसल्यानंतर त्या फळीवर पातें ओढून धार नीट बसवावी. आमच्या मतें दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक आहे, व त्यास तीन कारणें आहेत. पहिलें असें, कीं फलक म्हणजे फळी. पेटी नव्हे, म्यान नव्हे. शस्त्रें ठेवण्याच्या वस्तूस वाग्भटानें अष्टांगहृदयांत 'शस्त्रकोश' असा स्वतंत्र शब्द योजिला आहे. तो कोश नऊ अंगुळें रुंद व बारा अंगुळें लांब, रेशमी वस्त्र, मऊ चामडें इत्यादिकांचा व आंत लोकर घातलेला असावा, असें वर्णन तेथें आहे. दुसरें कारण संदर्भाचें. फळीचा उल्लेख शिळेला लागून आला आहे, म्हणजे एका क्रियेच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत असें मानणें सरळ पडतें. तिसरें कारण प्रत्यक्ष व्यवहाराचें, व तेंच आम्हांस सर्वांत बळकट वाटतें. नुसत्या दगडावर निसलेलें पातें लव सफाईनें कापीत नाहीं. दगडानंतर मऊ वस्तूवर एक संस्कार त्यास लागतो. सांवरीचें लांकूड किती हलकें व मऊ असतें हें आपल्या वसईपासून जव्हारापर्यंतच्या रानांत वावरणाऱ्यांस सांगावयास नको. आगपेटीच्या काड्यांसहि तें वापरतात. युरोपांत गवत कापण्याच्या मोठ्या विळ्यांसाठीं शेतकरी लांकडाच्या पट्टीस चरबी माखून त्यावर बारीक वाळू भुरभुरीत, आणि तिच्यावर विळा परजीत. लांकूड, चरबी व कठीण कण या त्रयीचें तें साधें उदाहरण होय. सुश्रुतानें त्या स्थळीं चूर्ण सांगितलेलें नाहीं हें आम्ही मान्य करितों. तथापि शिळेवरचा रांधा पात्याबरोबर फळीवर जाणारच, व तोच तेथें चूर्णाचें काम करील.

मापांविषयीं एक शंका सहज निघते. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्धा केस म्हणजे २५ ते ५० मायक्रॉन झाले. चांगल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी मात्र एका मायक्रॉनहून कमी असते. मग सुश्रुताचें शस्त्र बोथट होतें काय? नव्हे. डोळ्यांस जेवढें दिसतें तेवढ्याचें माप त्यानें दिलें. दिसण्यापलीकडच्या सूक्ष्मतेस मापाऐवजीं कसोटी दिली. लव कापणें ही ती कसोटी होय, आणि आजहि हत्यार पारखणारे मनगटावरची लव कापून पाहतात.

(४)

आमच्या लहानपणीं वसईंत न्हावी धोकटी घेऊन घरीं येत असे. दगडावर वस्तरा निसून झाला, कीं तो चामड्याचा पट्टा एका हातानें ताणून धरी व त्यावर वस्तरा पुढें-मागें ओढी. पट्ट्याचें एक अंग कोरें असे, दुसऱ्यावर मेणट माखलेलें असे. वस्तरा जातांना पाठ पुढें व धार मागें राही, आणि परततांना तो पाठीवर पलटून पुन्हां तसेंच होई. हें पलटणें नुसतें हातचलाखीचें नव्हतें. धार पुढें ठेवून ओढली तर ती मऊ चामड्यांत रुतून पट्टा कापील व स्वतः मोडेल.

दगडावर पातें घांसलें म्हणजे दोन गोष्टी मागें राहतात. दगडाच्या कणांनीं पडलेले चरे, ही एक. त्यांच्यामुळें धार सूक्ष्मदर्शकांतून करवतीच्या दातांसारखी दिसते. दुसरी म्हणजे अगदीं टोकाशीं उरलेली धातूची पातळ झालर. टोक इतकें बारीक होतें, कीं तेथील पोलाद कापलें जाण्याऐवजीं एका बाजूस वळतें. बोट आडवें फिरविलें असतां एका अंगास जी खरखर लागते ती हीच. पुष्कळांस ती तीक्ष्णता वाटते. पण दोन दाढ्यांत ती मोडून पडते आणि मागें बोथट धार उरते.

पट्ट्याचें काम ही झालर काढणें व चरे पुसणें हें होय. कोऱ्या चामड्यानें झालर बरीचशी सरळ होते, पण निघून जात नाहीं. अमेरिकेंतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हन यांनीं २००४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं धारा तपासल्या. कोऱ्या चामड्याचा परिणाम अल्प, व क्रोमियमचें भस्म माखलेल्या चामड्याचा मोठा, असें त्यांस आढळलें. म्हणजे खरें कापणारें चूर्ण असून चामडें हें त्याचें आसन आहे. पण आसन बदललें कीं कामहि बदलतें. तोच कण कठीण दगडांत घट्ट बसला असतां पोलादांत खोल रुततो. चामड्यांत बसला असतां दाबाखालीं आंत दबतो व अगदीं वरवर कापतो. त्यामुळें चरा उथळ पडतो आणि टोकावर ताण कमी येऊन नवी झालर धरत नाहीं.

चामड्याचा हा मऊपणा एक दोषहि घेऊन येतो. जोर दिला तर चामडें पात्याखालीं खचतें आणि पातें पुढें सरकतांच त्याच्या मागें उसळून टोकास वळसा घालतें. अशानें टोक गोलावतें. म्हणून जाणता न्हावी पट्टा ताणून धरी, वस्तऱ्याची पाठ पट्ट्यावरून उचलीत नसे व हात हलका ठेवी. आणि पट्टा कितीहि चांगला असला तरी कालांतरानें दगडाकडे परत जावेंच लागतें.

वस्तऱ्यास वरचेवर पट्टा कां लागतो, हें कोडें बरेच दिवस पडलेलें होतें. कारण केस पोलादापेक्षां सुमारें पन्नासपट मऊ. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील संशोधकांनीं २०२० सालीं 'सायन्स' नियतकालिकांत दाखविलें, कीं केस वांकून विशिष्ट कोनांत धारेस भिडला आणि त्या ठिकाणीं पोलादाची घडण विषम असली, म्हणजे धारेचा बारीक टवका उडतो. पट्ट्यानें धार सारखी व निर्दोष होते, तेव्हां असे टवके उडण्यास जागाहि कमी राहते, असें अनुमान आम्ही करितों.

(५)

चूर्णांविषयीं थोडक्यांत सांगूं. कोणता पदार्थ कोणास चरा पाडतो यावरून फ्रीड्रिख मोहस यानें १८१२ सालीं दहा पायऱ्यांचें काठिण्यमान लाविलें. पाणी दिलेलें पोलाद त्यांत सहाच्या आगेमागें येतें. तांबडें चूर्ण म्हणजे लोहाचें भस्म, मूळ द्रव्य आपल्या गेरूचेंच. तें पोलादाच्या जवळपासच्या काठिण्याचें असल्यानें सावकाश चालतें, व सोनारांस सोन्यावरील झळाळीसाठीं विशेष उपयोगी पडतें. हिरवें चूर्ण क्रोमियमच्या भस्माचें, आठांच्या वर. वस्तऱ्याच्या पट्ट्यावर तेंच अधिक चालतें. क्रोमियम हें मूलद्रव्य व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १७९७ सालीं शोधिलें, त्यामुळें हिरवें मेणट जुन्या काळचें असूं शकत नाहीं. त्याचें खनिज आपल्याकडे सिंधुदुर्गांत कणकवलीच्या बाजूस आहे. कुरुंद नऊ पायऱ्यांचा, व त्याचे साठे भंडारा जिल्ह्यांत आहेत. हिरा दहावा.

पण केवळ काठिण्य पाहून भागत नाहीं. कणाचा आकार तितकाच महत्त्वाचा. चांगल्या हिरव्या मेणटांतील कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतात, आणि झळाळीचें रहस्य येथेंच आहे. डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरी सुमारें ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या असतात. चरे त्याहून मोठे असले तर त्यांवर प्रकाश विखुरतो व पातें धुरकट दिसतें. ते त्याहून लहान झाले, कीं प्रकाश आरशावरून परतावा तसा परततो. म्हणजे झळाळी आली याचा अर्थ चरे नाहींसे झाले असा नव्हे. ते प्रकाशासहि जाणवूं नयेत इतके लहान झाले.

न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथांत झळाळी म्हणजे सूक्ष्म घर्षणच असें म्हटलें होतें. पुढें बीलबी यानें १९२१ सालच्या ग्रंथांत उलट मत मांडलें, कीं घोटतांना धातूचा वरचा थर वाहतो व चरे बुजवितो. तसें असतें तर शिकल करणें हें कागद घोटण्यासारखें निरुपद्रवी ठरलें असतें. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें जी तपासणी झाली तिनें, कठीण चूर्णानें उजळतांना धातु मुख्यतः कापलाच जातो, हें सिद्ध केलें. अत्यंत बारीक कीस निघतो, पण निघतो. वर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हें आहे: शिकल हें घोटणें नव्हे, तें निसणेंच आहे. फक्त त्याचें निसणें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं.

(६)

आतां आमचें प्रायश्चित्त. वसईचा कोट इ. स. १५३४ नंतर दोनशें वर्षें पोर्तुगीजांकडे होता. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें तो घेतला. या किनाऱ्यावरून विलायती पातीं देशांत येत, त्यांस देशी मुठी बसवीत, आणि अशा सरळ तलवारीस 'फिरंग' म्हणत. या पात्यांवर पुष्कळदां कारागिरांचीं नांवें व चिन्हें असतात: झोलिंगेन व पासाऊ येथील धांवता लांडगा, 'आंद्रिया फेरारा' हीं अक्षरें, इत्यादि. प्रसिद्ध नांवांची नक्कलहि पुष्कळ होई. म्हणून अक्षराचें वळण, त्याची खोली व जागा पाहूनच निर्णय करावा लागतो. पोथींत जसें अक्षरवळण, तसेंच हें.

आमच्या तालुक्यांतील एका जुन्या घरीं अशी एक फिरंग होती. मुठीजवळच्या पन्हळींत रोमन अक्षरें होतीं. आम्हीं तीं पाहिलीं, 'पुढें सवडीनें वाचूं' असें म्हटलें व ठसा घेतला नाहीं. कांहीं वर्षांनीं गांवांत जुन्या वस्तूंचें प्रदर्शन भरलें, तेव्हां मालकांनीं विचारिलें, "मास्तर, हिला उजळा देऊन आणूं काय?" आम्हीं तत्काळ म्हणालों, "अवश्य द्या. गंजानें ती झांकली गेली आहे." त्यांनीं ती विजेच्या चाकावर झळाळी देणाऱ्या एका कारागिराकडे दिली. अशीं चाकें मिनिटास २८०० च्या सुमारास फेरे घेतात व त्यांवर हेंच मेणट लावलेलें असतें. न्हाव्याचे शेंकडों हात जें करावयास वर्ष लावतील तें चाक क्षणांत करितें. तलवार परत आली ती आरशासारखी. त्या पन्हळींत आम्हांस आमचाच चेहरा दिसला. अक्षर एकहि दिसलें नाहीं. तीन अक्षरें स्मरणांत होतीं, पण त्यांचा क्रम नव्हता. कारागिराचा दोष नाहीं, मालकांचा नाहीं. विचारिलें आम्हांस होतें.

एक आशा शिल्लक आहे. अक्षर ठोकून उठविलें असेल तर त्याच्याखालचा धातु दबलेला राहतो, व गुन्ह्यांच्या तपासांत पुसलेले आंकडे तज्ज्ञ सौम्य आम्लानें कधीं कधीं पुन्हां दृश्य करितात. तीं अक्षरें कोरलेलीं असतील तर तोहि मार्ग बंद. फिरंग त्या घरीं जशीच्या तशी ठेविली आहे.

(७)

एवढ्यावरून संग्राहकांनीं पुढील नियम पाळावे असें आम्हांस वाटतें. जें पातें कामाचें आहे, उदाहरणार्थ बोरू तासण्याचा रोजचा चाकू, त्यास बारीक दगड व नंतर मेणट माखलेला पट्टा अवश्य दाखवावा. पाठ मागें उचलूं नये, हात हलका ठेवावा, व मनगटावरच्या लवेनें पारख करावी. त्याचें झिजणें हेंच त्याचें सार्थक आहे. जें पातें पुराव्याचें आहे, त्यास हिरवें, तांबडें, पांढरें कोणतेंहि चूर्ण लावूं नये; राख, विटकर व रांगोळीहि नको, कारण तीं त्याच कुळांतलीं. आधीं मोजमाप, छायाचित्र तिरप्या उजेडांत व पातळ कागदावर ठसा, एवढें करून ठेवावें. मग कोरड्या मऊ फडक्यानें धूळ काढून तेलाचा अथवा मेणाचा पातळ हात द्यावा, व दमट हवेपासून पातें दूर ठेवावें. आपल्या खाडीकाठच्या हवेंत हें विशेष जपावें. गंज खाऊं लागला असेल तर मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागासारख्या ठिकाणीं जाणत्यांस विचारावें. फौलादी पात्यावरील जौहराच्या लहरी पुसल्या गेल्या तरी जाणत्या हातानें पुन्हां उठवितां येतात. कोरलेलीं अक्षरें येत नाहींत.

पट्ट्यावर वस्तरा ओढणारे हात आतां आमच्या भागांत जवळजवळ दिसत नाहींत. एड्स व काविळीच्या भीतीनें दर गिऱ्हाइकास नवें पान घालण्याची रीत आली. ती योग्यच आहे. त्यामुळें धोकटींतील तो पट्टाहि आतां जुन्या वस्तूंत जमा झाला. सेना न्हाव्यांच्या प्रसिद्ध अभंगांत आरसा आहे, चिमटा आहे, पण पट्टा नाहीं. तेव्हां वाङ्मयांतून त्याची आठवण राहील ही आशा नको. कोणा वाचकांच्या घरीं जुना पट्टा, कुरुंदाची साण किंवा सांवरीची अशी फळी असेल, तर ती पुसून स्वच्छ करण्यापूर्वीं तिच्यावर काय माखलें आहे हें पाहून टिपून ठेवावें, आणि त्रैमासिकाकडे कळवावें. सुश्रुताच्या त्या एका शब्दाचा निकाल कदाचित् अशाच एखाद्या काळवंडलेल्या फळीवर लागेल. इत्यलम्.